अपस्माराची शिरगणती

दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाई नगर नावाची सरकारी नोकरांची वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव मिरविणाऱ्या या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतून बदली होऊन आलेली कुटुंबे राहतात, आणि काही वर्षांनी पुन्हा बदली होऊन निघून जातात. वसाहतीपासून जवळच, १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. आता अशी कल्पना करावी की, या वसाहतीत अपस्माराचे, म्हणजे बोलीभाषेत ज्याला फेफरे, मिरगी किंवा नुसतेच 'फिट येणे' म्हणतात त्या विकाराचे, किती रुग्ण आहेत हे कोणाला जाणून घ्यावयाचे आहे. प्रथमदर्शनी हे काम अगदी सोपे वाटेल. एवढे मोठे रुग्णालय शेजारी असताना तेथील नोंदवह्या चाळल्या की झाले!

परंतु त्या नोंदवह्यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून रांग लावून उभे असणारे लोक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेले असतात. त्यांच्यापैकी अपस्माराचे रुग्ण किती हे मोजता येईल. पण ते कितींपैकी, या प्रश्नाला उत्तर नाही. अंश हाती आहे आणि छेदाचा पत्ता नाही, असा हा अपूर्णांक होय. उलट, वसाहतीतील रुग्ण या संस्थेत येतीलच असेही नाही. कोणी केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जाईल, कोणी खाजगी डॉक्टरकडे, कोणी होमिओपथाकडे. कोणी सुटीत गावी जाऊन देवऋष्याकडून दोरा बांधून घेईल, आणि कोणी कोठेच जाणार नाही. शिवाय मोठ्या रुग्णालयात पोहोचतात ते बहुधा औषधांना दाद न देणारे, वारंवार झटके येणारे रुग्ण. ज्याला वर्षातून एखादाच झटका येतो तो घरीच राहतो. म्हणून रुग्णालयातील चित्रावरून रोगाचे अनुमान करणारा मनुष्य रोगाची व्याप्ती कमी आणि त्याची उग्रता जास्त समजण्याची चूक हमखास करतो.

तेव्हा दुसरा मार्ग उरतो तो म्हणजे दारोदार जाण्याचा. मात्र दार ठोठावण्यापूर्वी आपण नेमके काय मोजणार आहोत हे ठरविणे भाग असते, आणि अपस्माराच्या बाबतीत हे ठरविणेच कठीण असते.

अपस्मार हा शब्द फार जुना आहे. स्मृतीचा लोप, या अर्थाने तो आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत आलेला आहे. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने हा मेंदूतील विद्युत्क्रियेचा विकार असून झटके हे त्याचे बाह्य लक्षण होय. पण झटका आला म्हणजे अपस्मार झाला असे नाही. लहान मुलांना कडक तापात आकडी येते. दारू अचानक सोडणाऱ्याला झटका येतो. रक्तातील साखर एकाएकी उतरली तरी येतो. या सर्वांना कारण आहे, आणि कारण दूर होताच झटकेही थांबतात. म्हणून गणना करणारे शास्त्रज्ञ तात्कालिक कारणाशिवाय आलेले आणि किमान चोवीस तासांच्या अंतराने आलेले दोन झटके ही अपस्माराची खूण मानीत आले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने ही व्याख्या थोडी सैल केली आणि पहिल्याच झटक्यानंतर पुन्हा झटका येण्याची शक्यता फार मोठी असल्यास त्यालाही अपस्मार म्हणावे असे ठरविले. रोग्याच्या उपचारासाठी हा बदल इष्टच आहे; पण जुन्या व नव्या गणनांची तुलना करणाऱ्याची त्याने पंचाईत होते.

दुसरा प्रश्न काळाचा. ज्याला वीस वर्षांपूर्वी झटके येत होते आणि आता औषधाशिवाय तो ठणठणीत आहे, त्याला मोजावयाचे की नाही? यासाठी दोन आकडे वेगळे काढतात. आयुष्यात केव्हाही अपस्मार झालेल्या सर्वांचा एक, आणि अलीकडच्या काळात, साधारणपणे गेल्या पाच वर्षांत, ज्यांना झटके आले अथवा ज्यांची औषधे चालू आहेत अशा 'सक्रिय' रुग्णांचा दुसरा. वृत्तपत्रात जेव्हा एकच आकडा छापून येतो तेव्हा तो या दोहोंपैकी कोणता, हे वाचकाने अवश्य विचारावे.

मुंबईतील पारशी वसाहती

दारोदार जाऊन केलेल्या अशा गणनेचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नादिर भरुचा, ई. पी. भरुचा आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील ब्रूस शेनबर्ग यांच्या साहाय्याने मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी केली. तिचे अपस्मारविषयक निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले.

पारशी समाजच का निवडला, हे समजण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. मुंबईत पारशांच्या स्वतंत्र वसाहती आहेत. दादरची पारशी कॉलनी, कुलाब्याची खुशरू बाग, भायखळ्याची रुस्तम बाग ही नावे प्रत्येक मुंबईकराच्या परिचयाची आहेत. अशा वसाहतीत कोणत्या घरात कोण राहते हे ठाऊक असते, रहिवासी सहसा स्थलांतर करीत नाहीत, बहुतेक सर्व सुशिक्षित असतात आणि वैद्यकीय पाहणीला दार उघडतात. म्हणजेच जो छेद दिल्लीच्या रुग्णालयात सापडत नव्हता, तो येथे आयताच हाती येतो.

या वसाहतींतील १४,०१० व्यक्तींची पाहणी झाली. पहिल्या फेरीत शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण आणि समाजसेवक एक प्रश्नावली घेऊन घरोघर गेले. ज्यांच्या उत्तरांवरून संशय आला त्यांची दुसऱ्या फेरीत मज्जाविकारतज्ज्ञांनी ठरावीक निकषांनुसार तपासणी केली. अखेरीस तापाशिवाय वारंवार झटके आलेल्या ६६ व्यक्ती निश्चित झाल्या. त्यांपैकी ५० सक्रिय रुग्ण होते आणि १६ जणांचा विकार शांत झालेला होता. भागाकार केला असता आयुष्यात केव्हाही अपस्मार झालेल्यांचे प्रमाण हजारी ४.७ आणि सक्रिय रुग्णांचे हजारी ३.६ येते.

दोन फेऱ्यांची ही पद्धत केवळ डॉक्टरांचा वेळ वाचविण्यासाठी आहे असा समज होऊ नये. तिचे खरे कारण पुढील हिशेबावरून ध्यानात येईल. समजा, दहा हजारांच्या वस्तीत हजारी ५ या प्रमाणात ५० खरे रुग्ण आहेत. प्रश्नावलीची चाळणी खऱ्या रुग्णांपैकी शंभरांत ९० पकडते आणि निरोगी माणसांपैकी शंभरांत ९८ जणांना बिनचूक सोडून देते, असे धरू. चाळणी चांगलीच म्हणावयाची. तिच्यात ५० पैकी ४५ रुग्ण सापडतील. पण निरोगी ९,९५० लोकांपैकी शंभरांत दोन, म्हणजे १९९ जण चुकून अडकतील! एकंदर २४४ संशयितांत खरे रुग्ण फक्त ४५. दर पाचांमागे एकाहूनही कमी. गणना पहिल्याच फेरीत थांबविली तर हजारी ५ ऐवजी हजारी २४ असा भयंकर आकडा हाती येईल आणि तो खरा समजून कोणी भाषणही ठोकील. विरळ रोगांच्या बाबतीत निरोगी माणसांचा समुद्र एवढा मोठा असतो की चाळणीची बारीकशी चूकही खऱ्या रुग्णांना बुडवून टाकते. चाळणीत चुकून येणारे हे लोक कोण? उन्हात घेरी येऊन पडलेले, मानसिक ताणामुळे अंग ताठ करणारे, आणि आपल्याकडे कोणाच्या 'अंगात येते' असेही काही. यांना वेगळे काढणे हे शालान्त तरुणाचे काम नव्हे. तेथे तज्ज्ञच लागतो, आणि तोही झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्या आईची अथवा पत्नीची हकीकत शांतपणे ऐकून घेणारा.

दारात विचारलेला प्रश्न

चाळणीतून निसटणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण चुकून अडकलेला माणूस दुसऱ्या फेरीत सुटतो, पण निसटलेल्याला पुन्हा कोणी विचारीत नाही. काही झटके असे असतात की ते झटके आहेत हे घरच्यांनाही कळत नाही. वर्गात बसलेले मूल क्षणभर शून्यात पाहते, हातातली पेन्सिल थांबते, आणि पुन्हा लिहू लागते. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. अशा मुलाच्या घरी 'कोणी बेशुद्ध पडून हातपाय झाडते काय?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' हेच उत्तर मिळेल.

शब्दांची निवडही महत्त्वाची आहे. कौल, राजदान आणि मोट्टा यांनी काश्मीरच्या कुथार खोऱ्यात ६३,६४५ लोकांची पाहणी केली. तीत १५७ रुग्ण सापडले, म्हणजे हजारी २.५. तिचा वृत्तान्तही १९८८ सालीच प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच या विकाराची तीन प्रचलित नावे दिलेली आहेत: लाथ, मिरगी आणि लारन. ज्या घरात रोगाला एका नावाने ओळखतात तेथे दुसरे नाव विचारले तर रुग्ण समोर बसलेला असूनही तो नोंदला जात नाही. लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतीत तर ही अडचण शतगुणित व्हावी. तेथे एका जिन्यात तमिळ, दुसऱ्यात बंगाली, तिसऱ्यात मराठी कुटुंब राहते. 'मिरगी का दौरा' म्हटल्यावर मराठी बाईंना अर्थ कळेल, पण आपल्या मुलाला येते ती 'फिट' हीच का, याविषयी त्या साशंक राहतील.

आणि शब्द कळूनही उत्तर दिले जात नाही, हे सर्वांत मोठे कारण उरतेच. फेफरे ही गोष्ट चारचौघांत सांगण्याची नव्हे, हा समज खोलवर रुजलेला आहे. त्याला कायद्याचाही आधार मिळाला होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोहोंत वेडाच्या बरोबरीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हाही विवाहास अपात्र ठरविणारा दोष म्हणून घालण्यात आला. १९९९ साली पुन्हा दुरुस्ती होऊन अपस्माराचा उल्लेख वगळण्यात आला. मधल्या तेवीस वर्षांत एखाद्या हिंदू घराचे दार ठोठावून 'तुमच्या मुलीला फिट येते काय?' असे विचारणारा कार्यकर्ता वस्तुतः काय विचारीत होता? हिचे लग्न पुढे रद्द ठरू शकेल अशी कबुली देता काय, असेच त्या आईला ऐकू आले तर तिला दोष देता येणार नाही. (पारशांचा विवाहविषयक कायदा वेगळा असल्याने मुंबईच्या पाहणीला ही विशिष्ट अडचण नव्हती, पण लाज आणि धास्ती काही कायद्याच्या कलमांनीच निर्माण होते असे नाही.) काही आशियाई पाहण्यांत स्त्री-रुग्णांची संख्या पुरुषांहून कमी भरते, तेव्हा हा रोगाचा गुण की लपविण्याचा, असा प्रश्न तज्ज्ञांना पडतो तो याचमुळे.

मुंबईच्या प्रश्नावलीविषयी असे सांगितले गेले आहे की, त्याच समाजात पूर्वी घेतलेल्या लहान चाचणीत तिने अपस्माराचा एकही रुग्ण सोडला नव्हता. हे प्रशंसनीय आहे. तथापि येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. चाचणीत कोण सुटला हे कळण्यासाठी तो रुग्ण आहे हे आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते. जो डॉक्टरपासूनही लपला आहे तो अशा चाचणीतही लपूनच राहतो.

लपलेल्यांचा अदमास घेण्याची एक युक्ती मात्र आहे. तळ्यातील मासे मोजणारे ती वापरतात. समजा, दारोदारच्या पाहणीत ४० रुग्ण सापडले आणि त्याच वस्तीतील दवाखान्याच्या वहीत ३० रुग्ण आढळले. दोन्ही याद्यांत समान नावे २०. म्हणजे दवाखान्याच्या ३० पैकी २० जण, दोन तृतीयांश, पाहणीला सापडले. तेव्हा पाहणीची पकड दोन तृतीयांश धरली तर तिचे ४० हे एकूण रुग्णांच्या दोन तृतीयांश होत, एकूण ६०. दोन्ही याद्या मिळून प्रत्यक्ष दिसले ५०, आणि १० जण कोणालाच दिसले नाहीत. हिशेब मोठा चतुर आहे, पण तो एका अटीवर उभा आहे: एका यादीतून निसटण्याचा दुसरीतून निसटण्याशी संबंध नसावा. अपस्मारात नेमके उलट घडते. जो दारात नाकारतो तोच दवाखान्यातही जात नाही. म्हणून या पद्धतीचे उत्तरसुद्धा किमान मर्यादा म्हणूनच घ्यावे.

आकड्यांची रुंदी

आकडा हाती आल्यावर त्याची तुलना सुरू होते, आणि तेथे दोन खड्डे आहेत. पहिला वयाचा. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे. जन्म कमी आणि आयुष्य दीर्घ, यामुळे १९८१ च्या जनगणनेत भारतात ७१,६३० असलेले पारशी २०११ मध्ये ५७,२६४ उरले. अशा समाजात वृद्धापकाळाचे रोग अधिक दिसणारच. याच पाहणीत कंपवाताचे ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखात ३२८. पण पारशांची वयोरचना अमेरिकेच्या लोकसंख्येसारखी असती तर किती रुग्ण दिसले असते हा हिशेब केल्यावर आकडा लाखात १९२ वर उतरला. रोग तोच, माणसे तीच. केवळ वयाचा पडदा बाजूला झाला. अपस्मार बालपणी आणि वार्धक्यात अधिक उद्भवतो, त्यामुळे मुलाबाळांनी भरलेल्या खेड्याची आणि पेन्शनरांच्या वसाहतीची तुलना करताना हीच दक्षता घ्यावी लागते.

दुसरा खड्डा लहान संख्यांचा. पुन्हा लक्ष्मीबाई नगराकडे वळू आणि पाच हजार लोकांची पाहणी झाली असे मानू. हजारी ५ प्रमाण असेल तर २५ रुग्ण अपेक्षित. पण निव्वळ योगायोगाने ही संख्या १५ ते ३५ यांमध्ये कोठेही पडू शकते. म्हणजे हजारी ३ पासून हजारी ७ पर्यंत. तेव्हा १६ रुग्ण सापडल्यास 'या वसाहतीचे पाणी चांगले' आणि ३४ सापडल्यास 'काहीतरी बिघडले आहे' असे म्हणण्याची घाई करू नये. मुंबईच्या ५० सक्रिय रुग्णांवरूनही खरे प्रमाण हजारी २.६ ते ४.६ यांच्या दरम्यान आहे, एवढेच भरवशाने म्हणता येते.

भारतातील मोठ्या पाहण्या शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक योगायोगाच्या पलीकडचे दिसतात. बंगळूर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत १,०२,५५७ लोकांची जी पाहणी गौरीदेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तीत एकंदर प्रमाण हजारी ८.८ आले; पण शहरात ५.७ आणि खेड्यांत ११.९. केरळात राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांना २,३८,१०२ लोकांत हजारी ४.९ आढळले. खेड्यातील वाढीची काही कारणे उघड आहेत: घरी होणाऱ्या बाळंतपणात बाळाच्या मेंदूला होणारी इजा, आणि पट्टकृमीची अंडी अन्नपाण्यातून पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी. या गाठी शाकाहारी माणसालाही होतात, कारण दोष मांसाचा नसून मैल्याने दूषित झालेल्या भाजीचा आणि हातांचा असतो. परंतु देशातील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून, सुमारे सहा लाख लोकांच्या आधारे, श्रीधरन आणि मूर्ती यांनी १९९९ मध्ये जो हिशेब मांडला त्यात शहर व खेडे यांत निश्चित फरक दिसला नाही. सरासरी हजारी साडेपाचच्या आसपास आली. एका ठिकाणचा दुप्पट फरक सर्वत्र लागू करू नये, हा बोध त्यावरून घेता येतो.

हे फरक कागदावर बारीक दिसतात. २०११ च्या १२१ कोटी लोकसंख्येला मुंबईच्या पारशांचे सक्रिय रुग्णांचे प्रमाण लावले तर देशात सुमारे ४४ लाख रुग्ण होतात; बंगळूरचे एकंदर प्रमाण लावले तर १ कोटी ६ लाख. या दोहोंमधील साठ लाखांच्या अंतरात किती गोळ्यांची, किती तज्ज्ञांची आणि किती खाटांची तरतूद सामावलेली आहे, हे नियोजन करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

शिवाय प्रमाण कमी असणे नेहमीच सुचिन्ह असते असेही नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर या गावी सर्व रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राखलेल्या आहेत. तेथे १९४० मध्ये हजारी २.७ असलेले अपस्माराचे प्रमाण १९८० मध्ये ६.८ झाले. रोग एवढा वाढला काय? तसे नव्हे; नोंद सुधारली, निदान सुधारले, आणि रुग्ण अधिक काळ जगू लागले. कोणत्याही क्षणी दिसणाऱ्या रुग्णांची संख्या म्हणजे दरवर्षी येणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या गुणिले रोग टिकण्याची सरासरी वर्षे. नळाची धार तीच राहून हौदाची मोरी तुंबली तरी पाणी चढते. रॉचेस्टरात १९३५ ते १९८४ या काळात दरवर्षी लाखात ४४ नवे रुग्ण होत होते; त्यावरून रोगाचा सरासरी काळ पंधरा वर्षांच्या आसपास निघतो. कर्नाटकातील यळंदूर तालुक्यात मणी आणि सहकाऱ्यांनी ६४,९६३ लोकांची पाहणी केली, तेव्हा नवे रुग्ण वर्षाला लाखात ४९ आढळले, म्हणजे रॉचेस्टरहून थोडे अधिकच. पण विद्यमान रुग्ण हजारी ४.६. याच हिशेबाने काळ नऊ-दहा वर्षांचा येतो. येथील रुग्ण लवकर बरे होतात, लवकर मरतात, की काही वर्षांनी सांगेनासे होतात? तिन्ही कारणांनी हौद तितकाच रिता दिसेल. नुसत्या प्रमाणावरून त्यांपैकी कोणते खरे हे ओळखता येत नाही; त्यासाठी त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे पुन्हा जावे लागते.

अशा गणनेचा व्यवहारातील मुख्य उपयोग म्हणजे उपचारांपासून वंचित असलेल्यांचा शोध. केरळच्या पाहणीत सक्रिय रुग्णांपैकी शंभरांत ३८ जण औषध घेत नव्हते. साक्षरता आणि दवाखाने यांबाबत देशात अग्रेसर असलेल्या राज्यातील हा आकडा आहे, आणि औषध तर असे की फिनोबार्बिटोनची गोळी अत्यंत स्वस्त मिळते. परंतु हे ३८ कोणापैकी? दारात आलेल्या कार्यकर्त्याला ज्यांनी आपला विकार सांगितला त्या शंभरांपैकी. ज्याने तो सांगितला नाही, तो बहुधा औषधही घेत नसणार. आणि त्याची गणना ना त्या शंभरांत झाली, ना त्या अडतिसांत.